ज्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही

दक्षिण कोरियातल्या ग्योंगजूला जाणारे बहुतेक पर्यटक ठरलेल्या वाटेनं जातात. शहराच्या मधोमध गवतानं झाकलेल्या हिरव्यागार टेकड्या आहेत. त्या टेकड्या नाहीतच मुळी, त्या जुन्या राजांच्या समाध्या आहेत. तिथं फोटो काढायचे आणि मग बस पकडून बुलगुक्सा हा आठव्या शतकातला बौद्ध मठ बघायला जायचं. जवळजवळ हजार वर्षं सिल्ला राज्याची राजधानी असलेलं हे शहर, त्यामुळे बघायला भरपूर आहे.

पण याच शहराच्या वायव्येला, गुमीसान नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, गाजोंग-री नावाचं एक गाव आहे. भाताची शेतं, मागं डोंगर आणि एक कौलारू-गवताळ घर. हे घर अलीकडं पुन्हा बांधलेलं. मूळ घर जळून गेलं त्याला आता पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली. त्या जळालेल्या घरात १८२४ साली एक मुलगा जन्मला. त्याचं नाव च्वे जे-उ. कोरियाच्या मातीत उगवलेल्या दोंगहाक या धर्माचा तो संस्थापक.

मला हे सगळं कसं कळलं, ते सांगूनच टाकते. ‘नोकदू फ्लॉवर’ नावाची २०१९ ची एक कोरियन मालिका आहे. १८९४ चं शेतकऱ्यांचं बंड हा तिचा विषय. ती बघताना सारखा प्रश्न पडायचा, की हातात बांबूचे भाले घेऊन हे लोक बंदुकांसमोर उभे राहतायत, तर यांच्या डोक्यात नेमकं काय आहे? कुणी भरवलं? उत्तर शोधत मागं मागं जात राहिले आणि शेवटी येऊन पोचले ते गाजोंग-रीत. एका म्हाताऱ्या वडिलांच्या आणि एका विधवेच्या घरात.



वडलांपासून सुरुवात करू. च्वे ओक हे त्यांचं नाव. घराणं मोठं. सातेक पिढ्यांपूर्वीचे पूर्वज च्वे जिन-रिप हे सेनापती, मांचूंच्या १६३६ च्या स्वारीत लढता लढता मेलेले. ग्योंगजूमध्ये आज पर्यटक जो ‘श्रीमंत च्वे’ घराण्याचा वाडा बघायला जातात, ते लोकही याच सेनापतीचे वंशज. आमच्या कथेतल्या च्वे मंडळींकडं मात्र वाडा नव्हता. होती ती फक्त विद्वत्ता.

त्या काळातल्या कोरियात, म्हणजे जोसॉन राजवटीत, विद्वान माणसानं करायचं काय, तर ‘ग्वागो’ द्यायची. ग्वागो म्हणजे सरकारी नोकरीची परीक्षा. चिनी लिपीतले कन्फ्यूशियन ग्रंथ पाठ करायचे, त्यावर निबंध-कविता लिहायच्या. पास झालात तर अधिकारी. नाही झालात तर पुन्हा अभ्यास. च्वे ओक स्थानिक पातळीवरच्या परीक्षा अनेकदा पास झाले, पण राजधानीतली अंतिम परीक्षा त्यांना कधीच निघाली नाही. वय उलटलं. (पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी हे वाक्य वाचून दाखवलं, तर कुणी हसलं नाही.) शेवटी त्यांनी नाद सोडला आणि गावाजवळ, गुमीसानच्या ओढ्याकाठी, योंगदाम नावाच्या जागी एका छोट्या मंडपात बसून मुलांना शिकवायला लागले. योंगदाम म्हणजे ड्रॅगनचा डोह.

दोन बायका वारल्या होत्या. वंशाला मुलगा हवा म्हणून पुतण्या दत्तक घेतला होता. आणि मग साठी ओलांडल्यावर त्यांच्या घरात एक तिशीतली विधवा आली. हान घराण्यातली, जवळच्याच गावची. या दोघांना मुलगा झाला तेव्हा वडील कोरियन मोजणीनं त्रेसष्ट वर्षांचे होते. तिकडं मूल जन्मलं की एक वर्षाचं धरत, म्हणून हे आकडे आपल्यापेक्षा एक-दोननं जास्त निघतात.

मुलगा हुशार निघाला. वडलांनी सगळं शिकवलं. इतकी वर्षं घासलेली विद्या त्यांनी या एका पोरात ओतली. आणि इथंच गोष्ट अडते. कारण १४८५ पासून लागू असलेल्या जोसॉनच्या कायदेसंहितेत एक कलम होतं. विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर तिच्या मुलांना आणि नातवंडांना ही परीक्षा देता येणार नाही.

म्हणजे गंमत बघा. विधवेला दुसरं लग्न करण्याबद्दल थेट शिक्षा नव्हती. शिक्षा होती ती तिच्या पोटी येणाऱ्या मुलाला. त्यामुळे कुठलीही शहाणी बाई स्वतःच लग्नाला नकार देईल, असा तो हिशोब. कायदा लिहिणाऱ्याला आईचं मन चांगलंच कळत होतं म्हणायचं.

तर असा हा मुलगा. बापाकडून उच्चकुलीन यांगबान, आईकडून नापास. परीक्षेत नापास होण्याआधीच नापास. गावातल्या बरोबरीच्या पोरांना हे माहीत असणारच, लहान गावात असल्या गोष्टी कधी लपत नाहीत. आई तो लहान असतानाच गेली. वडील तो सतरा वर्षांचा असताना, १८४० मध्ये गेले. मधल्या काळात उल्सानच्या पाक घराण्यातल्या मुलीशी त्याचं लग्न झालं होतं. विशीच्या आसपास घराला आग लागली आणि वडलांच्या पुस्तकांसकट सगळं जळालं.



बायकोला माहेरी ठेवून तो निघाला. पुढची दहाएक वर्षं तो फिरत होता. पांढऱ्या सुती कापडाचे तागे पाठीवर घेऊन गावोगाव विकायचे. यांगबानाच्या पोरानं व्यापार करणं हे त्या समाजात खालच्या पायरीवर उतरणं होतं. मधेच औषधोपचार शिकला, ज्योतिष बघितलं, बौद्ध मठांत राहिला. सगळं करून बघितलं आणि कशातच जम बसला नाही.

पण या दहा वर्षांत त्यानं जे बघितलं ते कुठल्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. शेतकऱ्यांवर तीन प्रकारचा बोजा होता. एक जमिनीचा कर. दुसरा सैन्यात न जाण्याच्या बदल्यात द्यायचा कापडाचा कर, जो तान्ह्या मुलांच्या आणि मेलेल्या माणसांच्या नावानंही वसूल व्हायचा. आणि तिसरी गोष्ट तर भयंकरच. दुष्काळात मदत म्हणून सरकारी कोठारातून धान्य उसनं मिळायचं, ते आता जबरदस्तीनं गळ्यात मारून व्याजासकट परत घेतलं जायचं. वर रोगराई. १८१७ मध्ये बंगालमध्ये सुरू झालेली कॉलऱ्याची साथ १८२१ ला कोरियात पोचली होती, त्याच्या जन्माआधी तीन वर्षं. त्यानंतरही ती पुन्हा पुन्हा आली. चीन हा कोरियावाल्यांना जगाचा मध्य वाटायचा, आणि त्या चीनला अफूच्या युद्धात इंग्रजांनी लोळवल्याच्या बातम्या येत होत्या. जुनं जग सगळीकडून उसवत चाललंय आणि नवं कुणाकडेच नाही, असा तो काळ.

१८५४ च्या सुमारास तो उल्सानला सासुरवाडीजवळ स्थिरावला. डोंगरात, गुहेत ध्यान केलं, एकोणपन्नास दिवसांचं अनुष्ठान केलं. आणि पोटासाठी लोखंडाची भट्टी काढली. ती बुडाली. चरित्रकार असं सांगतात, की भट्टीच्या भांडवलासाठी त्यानं आपलं एकच शेत सात जणांना विकलं होतं आणि मग सातही जण एकदम दारात येऊन उभे राहिले. धर्मसंस्थापकाच्या चरित्रात हा प्रसंग अनुयायांनीच जपून ठेवलाय, हे मला फार आवडलं. नाहीतर संतांची चरित्रं लिहिताना पहिल्यांदा काय पुसलं जात असेल, तर उधारी.

१८५९ मध्ये तो बायको-मुलांना घेऊन परत आला. गाव तेच. गाजोंग-री. पण तिथं घर नव्हतंच, ते जळालं होतं. म्हणून ही माणसं योंगदामला, वडलांच्या त्या ओढ्याकाठच्या मंडपात राहायला गेली. कल्पना करा. वय पस्तिशीला आलेलं, डोक्यावर कर्ज, आणि ज्या जागी आपला बाप परीक्षेचा नाद सोडून बसला होता त्याच जागी येऊन बसायचं. एका अपयशाच्या जागेत दुसरं अपयश राहायला आलं.

इथं त्यानं नाव बदललं. आधीचं जे-सोन सोडून जे-उ घेतलं. अडाण्यांना तारणारा, असा त्याचा अर्थ. आणि सत्य सापडेपर्यंत हा डोंगर सोडून बाहेर पडायचं नाही असं ठरवलं.



१८६० च्या चौथ्या चांद्रमासाची पाचवी तिथी. आपल्या कॅलेंडरप्रमाणे २५ मे. त्या दिवशी त्याच्या पुतण्याचा वाढदिवस होता आणि तो तिकडं गेला होता. तिथं अचानक अंगात थंडी भरली, शरीर थरथरायला लागलं. कसाबसा योंगदामला परतला. आणि मग, त्यानं स्वतः पुढं लिहून ठेवलंय त्याप्रमाणे, त्याला आवाज ऐकू आला. हानुल्लिम, म्हणजे आकाशातला देव, त्याच्याशी बोलत होता. घाबरू नको म्हणाला. कागद पुढं धर म्हणाला, त्यावर एक आकृती उमटेल. ती आकृती त्यानं काढली, कागद जाळला, राख पाण्यात कालवून प्यायला. अंगाऱ्यासारखंच की! त्यानंतर त्याला एक मंत्रही मिळाला.

बायको आणि मुलगा जवळच होते. त्यांना ना आवाज ऐकू येत होता ना आकृती दिसत होती. त्यांना दिसत होता तो एक कर्जबाजारी माणूस, जो हवेशी बोलतोय आणि जाळलेला कागद पितोय. ते रडले. वेड लागलं असं त्यांना वाटलं. दुसरं काय वाटणार?

या अनुभवाचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यानंतरचं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण तो लगेच लोकांना सांगत सुटला नाही. जवळजवळ वर्षभर त्यानं ते स्वतःवर घासून बघितलं, आणि दोंगहाकच्या परंपरेत पहिली अनुयायी म्हणून जिचं नाव घेतात ती त्याची बायको. जी माहेरी दहा वर्षं वाट बघत बसली होती, जिनं भट्टी बुडताना बघितली, जी त्या दिवशी रडली, तिला पटवणं हे कुठल्याही विद्वानाला पटवण्यापेक्षा अवघड असणार.

१८६१ च्या उन्हाळ्यात त्यानं योंगदामचं दार लोकांसाठी उघडलं. शिकवणीचं नाव दोंगहाक, म्हणजे पूर्वेची विद्या. कारण पश्चिमेची विद्या, सोहाक, म्हणजे कॅथलिक पंथ तेव्हा कोरियात पसरत होता. त्याचा गाभा एवढाच, की देव प्रत्येक माणसाच्या आत वसलेला आहे. प्रत्येक. यांगबानाच्या, शेतकऱ्याच्या, खाटकाच्या, दासीच्या. आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपण तर हे लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. खरंय. म्हणायला सोपंच आहे. प्रश्न असतो, तो म्हणून झाल्यावर घरी जाऊन माणूस काय करतो.

त्यानं काय केलं, तर घरात दोन दासी होत्या, गुलाम म्हणून. दोघींना त्यानं मुक्त केलं. एकीला मुलगी मानलं आणि दुसरीला सून करून घेतलं. सून! म्हणजे त्याच्या नातवंडांची आई. ज्या समाजात आईच्या जातकुळीवरून मुलाचं आयुष्य ठरत होतं, आणि ज्या माणसाचं स्वतःचं आयुष्य त्याच कारणानं अडलं होतं, त्यानं आपल्या नातवंडांची आई म्हणून गुलाम मुलगी निवडली. मला वाटतं, १४८५ च्या त्या कलमाला त्यानं दिलेलं उत्तर हेच होतं. निबंध न लिहिता दिलेलं.

लिहिलंही त्यानं भरपूर. विद्वानांसाठी चिनी लिपीत गद्य, आणि बायका व सामान्य लोकांसाठी हांगुल लिपीत, साध्या कोरियन बोलीत गाणी. हांगुल तेव्हा बायकांची लिपी म्हणून हिणवली जायची. (आज आपल्यातले अर्धे जण ॲपवर जी शिकतायत तीच ही.) त्या गाण्यांपैकी एक खास योंगदामवर आहे. जन्मगाव, गुमीसान, तो ओढा, वडलांचं अपयश, स्वतःचं उशिरा परतणं, सगळं त्यात आलंय. वाचता न येणारे लोक ती गाणी ऐकून पाठ करायचे.

योंगदामला किती आणि कोण लोक यायला लागले, याचा सगळ्यात चांगला पुरावा अनुयायांनी नाही, विरोधकांनी ठेवलाय. १८६३ मध्ये त्याच प्रांतातल्या कन्फ्यूशियन विद्यापीठांमधल्या पंडितांनी दोंगहाकविरुद्ध एक परिपत्रक फिरवलं. त्यांची तक्रार काय होती? की इथं थोरलहान असा भेद पाळत नाहीत म्हणून खाटीक आणि दारू विकणारे जमतात. बाई-पुरुष भेद करत नाहीत म्हणून विधवा आणि बिनबायकांचे पुरुष येतात. ज्याच्याकडं आहे तो नसलेल्याला देतो म्हणून गरीब खूश होतात. पंडितांनी हे दोषारोप म्हणून लिहिलं होतं बरं का. विधवा हा शब्द त्या यादीत वाचला तेव्हा मी थोडा वेळ थांबले. गाजोंग-रीतली हान घराण्यातली ती बाई जिवंत असती तर तिलाही तिथं बसायला जागा मिळाली असती.



पुढचं सगळं फार वेगानं घडलं. त्याला प्रचारासाठी मिळाली जेमतेम अडीच-तीन वर्षं. त्यातली पहिली हिवाळी तर अटकेच्या भीतीनं दूर नामवोनच्या डोंगरात लपण्यात गेली. १८६२ मध्ये दक्षिणेत जिंजूपासून शेतकऱ्यांच्या उठावांचा वणवा पेटला आणि सत्तरच्या आसपास ठिकाणी पसरला. या उठावांशी त्याचा संबंध नव्हता, पण लोक जमवणारा कुणीही सरकारला आता नको होता. त्याच वर्षी ग्योंगजूत त्याला पकडलं. शेकडो अनुयायी जमले, आणि सोडावं लागलं. त्यानंतर त्यानं गावोगाव शाखाप्रमुख नेमले. १८६३ मध्ये वारस ठरवला. कोण? च्वे शी-ह्योंग. लहानपणीच पोरका झालेला, कागदाच्या कारखान्यात राबलेला, शेतावर मजुरी केलेला, जवळजवळ निरक्षर म्हणावा असा माणूस. पुढं तो हेवोल या नावानं ओळखला गेला. विद्वान शिष्य आजूबाजूला असताना केलेली ही निवड होती.

त्या वर्षाच्या शेवटी राजधानीतून जोंग उन-गू नावाचा अधिकारी त्याला पकडायला निघाला. ओळख लपवून आला. त्याचा अहवाल सरकारी दफ्तरात आहे. जोर्योंगची खिंड ओलांडल्यापासून ग्योंगजूपर्यंत दहा-बारा तालुके लागतात. त्यात त्यानं असं नोंदवलं, की दोंगहाकची चर्चा कानावर पडली नाही असा एक दिवस गेला नाही. ग्योंगजूच्या जवळ तर खानावळीतल्या बायका आणि डोंगरातली पोरं तो मंत्र म्हणत होती आणि त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती. गुन्ह्याचा अहवाल म्हणून लिहिलेला हा मजकूर आज वाचताना एखाद्या गाजलेल्या गाण्याच्या लोकप्रियतेची बातमी वाटते.

जानेवारी १८६४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, योंगदामला छापा पडला. पळून जा असं शिष्य सांगत होते, तो गेला नाही, असं परंपरा सांगते. वीस-बावीस शिष्यांसह त्याला बांधून राजधानीकडं नेलं. ग्वाचॉनपर्यंत, म्हणजे राजधानीच्या उंबऱ्यापर्यंत पोचले, तर राजा चोलजोंगच वारल्याची बातमी. आता खटला कुठं चालवणार? कैद्यांना उलट देगूला परत आणलं. त्या हिवाळ्यात बेड्या घालून तेवढं अंतर दोनदा.

देगूला प्रांताधिकारी सो हॉन-सुननं चौकशी केली. मारहाणीत मांडीचं हाड मोडलं, असं अनुयायांच्या नोंदींत आहे. आरोप काय? लोकांना भ्रष्ट मार्गाला लावणं. अनुयायी लाकडी तलवार घेऊन नाचतात आणि तलवारीचं गाणं म्हणतात, म्हणजे बंडाची तयारी. आणि देवासाठी तो जो शब्द वापरतो तोच कॅथलिकही वापरतात, म्हणजे हा नाव पूर्वेचं घेतो आणि विद्या पश्चिमेची शिकवतो. ज्या पाश्चात्त्य पंथाला पर्याय म्हणून त्यानं हे सगळं उभं केलं, त्याच पंथाचा माणूस ठरवून त्याला मारायचं ठरलं.

१५ एप्रिल १८६४. देगूच्या ग्वांदोकजोंगजवळच्या वधस्थळी त्याचा शिरच्छेद केला. त्याच जागी अनेक कॅथलिकांनाही मारण्यात आलं होतं आणि आज तिथं त्यांचं स्मारक आहे. मरण्याआधी त्यानं वाटीभर स्वच्छ पाणी मागून घेतलं आणि ते समोर ठेवून प्रार्थना केली, असं अनुयायी मानतात. वय आपल्या मोजणीनं एकोणचाळीस. शिष्यांनी मृतदेह गावाकडं आणला आणि डोंगरात पुरला.



इथं खरं तर चरित्र संपतं. पण हा माणूस मेल्यावर जास्त जगला, म्हणून थोडं पुढचं.

हेवोल निसटला. पाठीवर एक गाठोडं घेऊन तो तीसहून जास्त वर्षं डोंगरदऱ्यांत फिरत राहिला. लोक त्याला ‘गाठोडंवाला च्वे’ म्हणायचे. गुरूचं लेखन सरकारनं जप्त केलं होतं, तरी १८८० मध्ये त्यानं चिनी लिपीतला ग्रंथ आणि १८८१ मध्ये हांगुल गाणी छापून घेतली. कुठं? डोंगरातल्या आडगावांत, लाकडी ठशांवर. त्यातली गाणी त्याला तोंडपाठ होती आणि त्यानं म्हणून दाखवली ती इतरांनी उतरवून घेतली, असं सांगतात. अक्षरशत्रू वारस निवडण्यामागं काय शहाणपण होतं ते इथं कळतं.

१८९२-९३ मध्ये हजारो लोक एका मागणीसाठी जमायला लागले. मागणी कर कमी करा अशी नव्हती. आमच्या गुरूवरचा गुन्हेगाराचा शिक्का पुसा, ही होती. काही जण राजवाड्याच्या दारात तीन दिवस पालथे पडून राहिले. काही झालं नाही. १८९४ च्या सुरुवातीला गोबू इथं जोन बोंग-जुनच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, त्यांनी जोंजू शहर घेतलं, सरकारनं चीनकडून फौज मागवली, पाठोपाठ जपानही घुसला आणि चीन-जपान युद्ध पेटलं. शेवटी उगुमची खिंडीत जपानी बंदुकांपुढं शेतकऱ्यांची फौज संपली. मालिकेत हा भाग बघवत नाही, सांगून ठेवते. हेवोललाही १८९८ मध्ये मारलं.

पण त्याच १८९४ च्या उन्हाळ्यात जोसॉन सरकारनं सुधारणांची एक यादी जाहीर केली. त्यात गुलामगिरी रद्द झाली. विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. आणि ग्वागो परीक्षाच बंद झाली. या सुधारणांमागं जपानचं राजकारण होतं, दरबारातल्या सुधारकांचं होतं, आणि बंडाचा धाकही होता. सगळं श्रेय दोंगहाकला देणं चूक ठरेल. तरी तारखा बघा. गाजोंग-रीत तो मुलगा जन्मला १८२४ ला. त्याला अडवणारं कलम, त्याच्या घरातल्या दासींना बांधणारी प्रथा आणि ती परीक्षा, तिन्ही गोष्टी सत्तराव्या वर्षी एकदम गेल्या.

१९०५ मध्ये तिसरा वारस सोन ब्योंग-ही यानं दोंगहाकचं नाव चोंदोग्यो केलं, स्वर्गीय मार्गाचा धर्म. १९०७ मध्ये सरकारनं च्वे जे-उवरचा शिक्का अधिकृतपणे पुसला. १९१९ च्या १ मार्चला जपानविरुद्ध जो स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला त्यावर तेहतीस सह्या आहेत. त्यातली पहिलीच सोन ब्योंग-हीची आणि एकूण पंधरा चोंदोग्योच्या लोकांच्या. कोरियात ५ मेला बालदिनाची सुट्टी असते ना, त्याची सुरुवातही १९२२ मध्ये चोंदोग्योच्या तरुण मंडळींनीच केली, मुलांना मान द्या म्हणून. आज या धर्माचे अनुयायी फार उरलेले नाहीत. २०२३ मध्ये १८९४ च्या क्रांतीची कागदपत्रं युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली, तेव्हा थोडी चर्चा झाली तेवढीच.

कधी ग्योंगजूला गेलात, तर अर्धा दिवस काढून गाजोंग-रीला जा. जन्मघर बघा, मग डोंगराकडं चालत निघा. वाटेत त्याचा पुतळा लागतो. पुढं झाडी दाट होत जाते, ओढ्याचा आवाज येतो आणि पायऱ्या चढून गेलं की योंगदामजोंग. १९७५ मध्ये नव्यानं बांधलेला मंडप आहे, पण जागा तीच. बाप आणि मुलगा दोघंही हरून येऊन बसले ती. हा डोंगर आता ग्योंगजू राष्ट्रीय उद्यानात येतो. चोंदोग्यो मानणाऱ्या घरांत आजही रात्री नऊ वाजता वाटीभर स्वच्छ पाणी मधोमध ठेवून सगळे भोवती बसतात.

त्याच्या चरित्रांमध्ये सेनापती पूर्वजाचं नाव मिळतं, वडलांचं मिळतं, मुलांची मिळतात, पकडायला आलेल्या अधिकाऱ्याचंही मिळतं. आईच्या जागी फक्त माहेरचं आडनाव आहे. हान. त्या काळी बायकांची तेवढीच नोंद व्हायची.